शालूबाईंची बिनखाजेची भेंडी

कसबा बावड्यात शालूबाईंच्या भेंडीच्या बियाला मान होता, आणि तो मान त्यांच्या डोक्यात पार चढला होता. सासूच्या हातचं बी ते. विकायचं नाही, मागेल त्याला मूठभर द्यायचं, ही घरची रीत.

त्र्याण्णव साली सून आली, अनुजा. पहिल्याच तोडणीला तिचे हात कोपरापर्यंत लाल. "आत्याबाई, ही भेंडी हाय का खाजकुयली?" भेंडीच्या पानादेठावर बारीक लव असते, ती खाजणारच, त्याला कोण काय करणार? पण रोजच्या कुरकुरीनं शालूबाईंचं डोकं उठलं. बियासाठी राखायच्या झाडाला त्या चिंधी बांधत. त्या सालापासून पानावरनं हात फिरवून बघायच्या आणि गुळगुळीत लागेल त्याच झाडाला चिंधी बांधायच्या. सात-आठ वर्षांत अख्खा वाफा असा मऊ झाला की अनुजा गाणी म्हणत तोडायला लागली. गावातल्या बायका बियासाठी दारात. शालूबाई फुगल्या नसत्या तरच नवल.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात पानं कडेनं पिवळी पडून वळली. पानामागं हिरवे तुडतुडे, हात लावला की तिरके पळणारे. शालूबाईंचे यजमान हंबीरराव, त्यांनी तीनदा औषध मारलं. चार दिवस तुडतुडे गायब, पाचव्या दिवशी हजर. "बीच बाद झालंय तुझं," हंबीरराव म्हणाले. त्या दिवशी शालूबाईंनी त्यांच्या ताटात नुसती भाकरी आणि मीठ वाढलं.

शेवटी कृषी सहायक आला. त्यानं पान बोटांत चोळून बघितलं.

"मावशी, ह्याची लव कुठं गेली? लव असली की तुडतुड्याला नीट बसता येत न्हाय, अंडी घालता येत न्हाईत. झाडाचं कुंपणच काढलंय की तुम्ही."

शालूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेचा राग, किड्यांचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. आठ वर्षं आपल्याच हातानं निवडून निवडून सासूचं बी बुडवलं म्हणायचं. पण जुनं बीही त्यांनीच गावभर वाटलं होतं. कुणाच्या तरी गाडग्यात असेलच. त्या तशाच उठल्या आणि दारोदार फिरल्या. कुणाकडं नव्हतं. शेवटचं घर गुंडूचं.

"जुनं व्हय?" गुंडूची बायको म्हणाली. "ते खाजरं कोण ठेवतंय, आक्का? तुमचं मऊ बी आलं तशी चुलीत घातलं की आम्ही. बसा, च्या टाकते."