चकचकीत रॅम्पचा रुबाब

मंडळी, आज जिवाला लई गार वाटलंय. कारण ऐका.

आमच्या कळंब्याच्या घराला गेटापासून पोर्चपर्यंत चढ हाय. तिथं खडबडीत पार्किंग टाईल्स घाला म्हणून ठेकेदाराला घसा कोरडा करून सांगितलेलं. त्यानं दुसऱ्या साईटवर उरलेल्या, हॉलच्या चकचकीत टाईल्स आणून बसवल्या. वर म्हणतोय, "वहिनी, रुबाब बघा की!"

गेल्या महिन्यात त्याच रुबाबावरनं सासूबाई घसरल्या. हात प्लास्टरमधी. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "टाईल्समधी कायबी खोट न्हाय. म्हातारीनं बघून चालायचं असतंय!"

हे वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलेलं.

आज सकाळी पाईप लावून रॅम्प धूत होते, तर गेटात हाच उभा. सोबत नवं गिऱ्हाईक, आमच्याकडचं काम दाखवायला आणलेलं. ठेकेदाराच्या पायात चामड्याच्या तळाचं कोरं करकरीत कोल्हापुरी पायताण.

मी तोंड उघडलं न्हाय. पाईपबी बंद केला न्हाय.

"बघा पावणं, काम कसं हाय..." म्हणत त्यानं रॅम्पवर पाय टाकला आणि धाडदिशी खाली बसला.

पोर्चमधनं सासूबाई प्लास्टरचा हात उंच करून ओरडल्या, "बघून चालायचं असतंय की, पावणं!"

गिऱ्हाईक गेटातनंच माघारी फिरलं.

नवरा म्हणतोय, ओलं हाय एवढं तरी सांगायचं होतंस. आता तुम्हीच बोला. ज्यानं फरशी बसवली, त्याला ती कसली हाय ते मी सांगायचं व्हय?