वास्तू तथास्तु म्हणते

सिन्नरच्या कारखान्यातून दमून नाशिकला घरी आले, की मी झपाटलेल्या बंगल्यांचे जुने ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे लावते. सासूबाई देवापाशी दिवा लावताना हमखास बजावतात, "तिन्हीसांजेला असलं अभद्र नको गं. वास्तू तथास्तु म्हणते."

मला तर नेमकं तेच आवडतं. त्या सिनेमातल्या बाईला जिन्यावर पावलं वाजलेली ऐकू येतात आणि घरातले सगळे, नवऱ्यासकट, तिला भास होतात म्हणतात. शेवटी तिची बाजू घेतो तो बंगलाच, दारं-खिडक्या आपटून.

काल सासूबाईंनी पुन्हा तथास्तु काढलं, तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हटलं, "म्हणू दे की, आई. या घरात माझ्या बोलण्याला हो म्हणणारं कुणीतरी असू दे."