वेळेच्या आधी आलेलं हसू

जानेवारीतला दुसरा रविवार. ठिकाण: रोहणा, तालुका आर्वी. हजर: हिंगणघाटवाले काका, हिंगणीवाली, मी, आणि जिच्या घरी गेलो ती रोहणावाली. शिवाय तिचा नवरा, तिची सासू, एक लाल गाय आणि समोरच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस. गैरहजर: कोणी नाही. आमच्या भेटीत असं क्वचितच घडतं.

आम्ही चौघं ब्लॉग लिहितो. आता व्हिडिओचा जमाना आहे, ब्लॉग कोण वाचतं, असं लोक विचारतात. उत्तर सोपं आहे, आम्ही वाचतो, एकमेकांचं. काका बँकेतून निवृत्त झाले आहेत. रोज सकाळी वेणा नदीकडे फिरायला जातात आणि वाटेत कोण भेटलं, काय बोललं ते लिहितात. हिंगणीवाली शाळेत शिकवते. वर्गातली पोरं, बोर धरणाकडची पाखरं आणि वेळेवर न येणारी एसटी हे तिचे विषय. मी वर्ध्याला नोकरी करते आणि घर कसं लावावं, प्रवासाची पिशवी कशी भरावी, लग्नघरी कोणतं काम कोणावर सोपवावं, असलं लिहिते. काका म्हणतात, माझा ब्लॉग वाचला की उठून कपाट आवरावंसं वाटतं, म्हणून ते तो झोपायच्या आधी उघडत नाहीत.

आमच्यात एक नियम आहे. नुसतं ‘छान लिहिलंय’ अशी प्रतिक्रिया टाकायची नाही. लेखातलं नेमकं काय आवडलं ते सांगायचं. नियम मोडणाऱ्याने पुढच्या भेटीत सगळ्यांना चहा पाजायचा. आजवरचा बहुतेक चहा काकांचा आहे.

आमच्यात सगळ्यात चांगली लिहिते ती रोहणावाली. यावर आमचं एकमत आहे, आणि आमचं एकमत दुसऱ्या कशावरच होत नाही. ती टोपणनावाने घराबद्दल लिहिते, आणि घराबद्दल म्हणजे मुख्यतः सासूबाईंबद्दल. दुपारी दोघी तूर निवडायला बसल्या की सासूबाई गोष्टी सांगतात. सासूबाईंचा डोळा लागला की ही फोन घेऊन लिहायला बसते. नवऱ्याला माहीत आहे, त्याची हरकत नाही. माहीत नव्हतं ते फक्त सासूबाईंना.

“सांगून का टाकत नाहीस?” मी एकदा विचारलं होतं.

“ताई, त्यायले समजलं का मी त्यायचं बोलनं लिवून राह्यली, तं ते बोलनंच बंद करतीन. मंग मी लिवू काय, अन् दुपारभर दोघी करू काय?”

तिची भीती खोटी नव्हती. सासरे गेल्यापासून त्या घरात दुपारी बोलणारं एवढंच एक माणूस होतं आणि ऐकणारंही एकच.

बोलावणं मात्र सासूबाईंचंच आलं. त्यांना आमची ओळख ‘बचत गटाच्या प्रशिक्षणातल्या मैत्रिणी’ अशी करून दिलेली होती, आणि काका म्हणजे ‘शिकवणारे साहेब’. “एक डाव घरी आन त्यायले, रोडगे करू,” असं त्या म्हणाल्या. नाही म्हणायला कारण सापडेना.

अडचण अशी होती की आम्ही त्या घरी कधी गेलो नव्हतो, पण ते घर आम्हाला पाठ होतं. म्हणून काकांच्या गाडीत बसल्या बसल्या मी सगळ्यांना बजावायला घेतलं. गायीला घरात ‘मास्तरीण’ म्हणतात हे आपल्याला माहीत नाही. सासूबाईंचा डावा गुडघा दुखतो हे माहीत नाही. त्या बिनसाखरेचा चहा घेतात आणि गूळ वेगळा चावतात हे माहीत नाही. शेजारणीशी त्यांचा अबोला का आहे, हे तर अजिबात माहीत नाही. आर्वीच्या अलीकडे मी उजळणी घेतली.

“पेपर किती मार्काचा आहे?” काकांनी विचारलं.

“पास व्हा म्हणजे झालं,” मी म्हटलं.

काका पहिल्याच मिनिटाला नापास झाले, तेही उलट्या बाजूने. अंगणात उतरल्यावर गायीच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, “अरे वा, तुमच्याकडे गाय आहे वाटतं.”

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “नाई बा, बकरी आहे. जरा मोठी झाली.”

हिंगणीवालीने दुसरी चूक केली. ओट्याची तिसरी पायरी हलते, हे तिने कधीतरी वाचलं होतं. फोनकडे बघत बघत ती बरोबर तेवढी पायरी सोडून वर चढली. मी मुद्दाम हलत्या पायरीवर पाय ठेवला आणि दचकल्यासारखं केलं. “ध्यान दे बाई,” सासूबाई मला म्हणाल्या आणि हिंगणीवालीकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

पुढचा तासभर आम्ही चांगले वागलो. रोहणावालीचा नवरा अंगणात गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजत होता. आत वांग्याची भाजी शिजत होती. आम्ही कापसाच्या ढिगाला पाठ टेकून बसलो होतो. इतकं मऊ बसायला मिळालं की माणूस सावध राहत नाही, हे माझ्या नियोजनात धरायचं राहून गेलं.

सासूबाई खुलल्या. शहरातले लोक घरी आलेत, साहेब आलेत, म्हणून त्यांनी त्यांची ठेवणीतली गोष्ट काढली.

“माह्या मोठ्या जवायाचं सांगतो तुमाले. लगन होऊन महिना झाला असन. जवाई पह्यल्यांदा मुक्कामी आलते. उन्हाऱ्याचे दिवस. म्या सारी गच्ची कुरड्यायनं भरून ठेवली. अन् तवा वांदरायचा तं असा तरास का इचारू नका. दुपारी उठलो, खालून गच्चीकडे पाह्यलं, तं कुरड्यायपाशी कोनीतरी बसून...”

आणि आम्ही तिघं हसलो.

मोठ्याने, एकाच वेळी. अजून हसण्यासारखं काही झालंच नव्हतं. कोणीतरी बसून होतं, एवढंच झालं होतं.

सासूबाई थांबल्या. “काऊन हासले?”

काकांनी घसा खाकरला. “ते आपलं... कुरडया म्हटलं की मला हसू येतं.”

“कुरड्यायचं?”

“हो ना. लहानपणापासून.”

सासूबाईंनी त्यांना सोडलं आणि हिंगणीवालीकडे वळल्या. “तू सांग वं. कोन बसून होतं गच्चीवर?”

हिंगणीवाली शिक्षिका आहे. प्रश्न सरळ विचारला की तिच्याकडून उत्तर दिलं जातं. “जावई,” ती म्हणाली, आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

“बरं. मंग म्या वांदर समजून काय म्हनलं त्याले?”

मी कापसाकडे बघत होते. काकांना मात्र राहवलं नाही. हे वाक्य त्यांनी प्रतिक्रियेत जसंच्या तसं लिहिलं होतं आणि त्यानंतर घरी बायकोलाही ऐकवलं होतं. ते सासूबाईंच्याच सुरात म्हणाले, “‘खाऊन खाऊन फुगला, जाय आता आपल्या घरी.’”

“अन् ते खरंच पिशवी घेऊन गेले,” हिंगणीवाली हळूच म्हणाली.

“बस स्टँडवरून मुलीच्या मामांनी परत आणलं,” हे माझ्या तोंडून गेलं. एवढं सगळं उघडं पडल्यावर तेवढंच कशाला ठेवायचं, असं वाटलं असावं.

“अन् आता दरवर्सी आला का दरवाज्यात उभा राहून काय इचारते?”

“‘थांबू का जाऊ?’” हे आमच्यापैकी कोणी म्हटलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात तुपाची वाटी घेऊन रोहणावाली उभी होती, ती म्हणाली.

“तू सांगतलं यायले.”

“लिवलं, आई.”

“कुठं लिवलं?”

“फोनवर. तुमी सांगता ते लिवतो मी. हे लोक वाचतात.”

सासूबाईंनी आमच्याकडे पाहिलं. “एवढेच?”

ही बाई अपमानाने विचारते आहे की निराशेने, ते मला कळेना. खरं ते सांगितलं. “अजून आहेत थोडे. एक बाई दुबईहून वाचतात.”

“आमची गच्ची दुबईत गेली मंग,” सासूबाई म्हणाल्या.

जेवण वाढलं गेलं. रोडगा मोडून त्यात तूप, वर वरण, बाजूला झणझणीत वांगं. असं जेवण मी वर्षात जेवले नव्हते आणि त्याची चव मला आज सांगता येत नाही. सासूबाई खाली बघून जेवत होत्या. एरवी त्या जेवताना किती बोलतात, ते आम्हाला माहीत होतं. रोहणावालीने माझ्या वाटीत तूप वाढलं, मग पुन्हा त्याच वाटीत वाढलं. तिचा नवरा म्हणाला, “आई, रोडगा कच्चा आहे का?” उत्तर आलं नाही. आता रोज दुपारी घरात तूर निवडताना असाच आवाज राहणार, म्हणजे आवाजच राहणार नाही, हे रोहणावालीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

हात धुऊन सासूबाई परत येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, “तू यायची मुखत्यार दिसते. वाच ते.”

मी फोनवरून जावयाचा लेख वाचला. सुरुवातीला माझा आवाज कार्यालयातली नोटीस वाचतात तसा येत होता, मग सुधारला. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. पूर्ण झाल्यावर म्हणाल्या, “दोन गोष्टी चुकल्या. म्या काठी नाई फेकली, चप्पल फेकली. अन् नेम बरोबर बसला होता, ते इनं लिवलंच नाई.”

“तुमी मले तसं सांगतलंच नवतं,” रोहणावाली म्हणाली.

“जवाई होता तो. सारं सांगावं का?”

काका पुन्हा हसले, या वेळी वेळेवर. सासूबाईंच्या तोंडाचा कोपराही जरा हलला. मग त्यांनी सुनेला विचारलं, “तुह्या सासऱ्याचं लिवलं का काही?”

सून पदराला हात पुसू लागली. तो लेख आम्हा सगळ्यांना आठवत होता. सासरे गेल्यावर कितीतरी दिवस सासूबाई दुपारी दोन कप चहा करायच्या. एक स्वतः प्यायच्या, दुसरा निवला की मागच्या लिंबाच्या बुडाशी ओतायच्या. कोणी बघत नाही असं त्यांना वाटायचं. सुनेने खिडकीतून पाहिलं, आणि ते लिहिलं. त्या लेखाखाली एकही प्रतिक्रिया नाही. नेमकं काय आवडलं ते सांगायचा आमचा नियम त्या दिवशी कोणालाच पाळता आला नाही.

“लिवलं आहे,” शेवटी सून म्हणाली.

मी फोन हातात घेतला, पण सासूबाईंनी हात वर केला. “आत्ता नाई. लोकायपुढं नाई. मी माह्या डोळ्यानं वाचीन. चौथी शिकलो मी. पन हे अक्षर मुंगीवानी आहे. मोठ्या अक्षरात कागदावर करून दे मले. सारं. पुस्तकावानी.”

हे त्या मला म्हणाल्या. काम माझ्याकडे आलं, हे बरोबरच झालं.

निघताना त्या आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आल्या. गायीपाशी थांबून काकांना म्हणाल्या, “साहेब, ही बकरी इचं नाव सांगते का तुमाले?”

“मास्तरीण,” काका शरणागती पत्करल्यासारखे म्हणाले.

“मास्तरीण काऊन, ते माईत आहे का?”

आम्हाला माहीत नव्हतं, खरोखरच. हे रोहणावालीने कधी लिहिलं नव्हतं, कारण तिलाही माहीत नव्हतं. सासूबाईंनी गाडीच्या दाराला टेकून ती गोष्ट आम्हाला सांगितली, आणि या वेळी आम्ही नीट शेवटी हसलो. मग त्या सुनेला म्हणाल्या, “हे नको लिवू. मास्तरीणबाई अजून जिवंत आहे.”

तेव्हापासून त्यांच्या घरात पद्धत पडली आहे. तूर निवडायला बसलं की गोष्टीच्या आधी सासूबाई शिक्का मारतात: “हे लिवजो” किंवा “हे नको लिवू.” बोलणं बंद झालं नाही, उलट वाढलं आहे. रोहणावालीची तक्रार एवढीच की सगळ्यात भारी गोष्टी ‘नको लिवू’मध्ये जातात. त्या ती आम्हालाही सांगत नाही. आम्ही खूप खोदून पाहिलं.

माझ्या बाजूचं काम असं आहे. सगळे लेख क्रमाने लावले. अक्षर इतकं मोठं ठेवलं की माझ्या ओळखीचा झेरॉक्सवाला म्हणाला, “ताई, हे भिंतीवर लावायचं आहे का?” काठीच्या जागी चप्पल केली. नेम बसल्याचं वाक्य रोहणावालीने लिहून पाठवलं, ते घातलं. बाइंडिंगसाठी निळं कव्हर ठरलं.

चहाचा लेख तेवढा वेगळा काढून ठेवला आहे. त्यावर रोहणावालीचे तीन निरोप आले. “तो सोडून बाकी छापा.” मग, “थांबा, नका सोडू.” मग, “तुमीच ठरवा ताई.” काका म्हणतात घाला. हिंगणीवाली म्हणते, आजींनी चहा लपून ओतला, तो लपूनच राहू द्या. मी कळवलं की हे ठरवणं माझ्याकडे नाही आणि आपल्या कोणाकडेच नाही. विचारायचं असेल तर ज्यांचा चहा त्यांना विचार. एरवी त्या शिक्का गोष्टीच्या आधी मारतात, या एका गोष्टीला नंतर मारतील. कोणता मारतील, ते मला सांगता येत नाही.

काल रोहणावालीच्या फोनवरून सासूबाईंचाच आवाज आला. “पुस्तक कवा येते वं? माह्या डोळ्यात मोतीबिंदू पडाची वाट पाहून राह्यली का?”

“येतंय आजी. एक काम राहिलंय,” मी म्हटलं.

“तुह्यावालं का हिच्यावालं?”

“तिच्यावालं.”

“मंग सांगतो मी तिले,” म्हणून त्यांनी फोन सुनेकडे दिला. सून म्हणाली, आज दुपारी विचारते. ती दुपार होऊन गेली. बाइंडिंगवाल्याकडे कागद आणि निळं कव्हर पोचलेलं आहे, मधली चहाची दोन पानं माझ्या टेबलावर आहेत, आणि तिने अजून विचारलेलं नाही.