आधी घर, मग गोष्ट

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळेफाट्याच्या माझ्या दुकानात एका ट्रकवाल्याशी जुन्या गिअरबॉक्सवरून घासाघीस करत होतो. फोनवर त्याचा चुलतभाऊ होता. "भाऊ, दत्ता गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात न्हेईपर्यंत..." मी 'बरं' म्हणालो, फोन खिशात टाकला आणि सौदा पुरा केला. ट्रकवाला गेल्यावर मात्र शटर अर्धं खाली ओढलं. दीड वर्ष आमचं बोलणं बंद होतं. पहिला विचार काय आला ते लपवत नाही. आता हा माझ्या दुकानात येऊन 'चुकलं' म्हणणार नाही, कधीच नाही, असं वाटलं आणि मेलेल्या माणसाचा राग आला.

बोरी बुद्रुकच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याच्या वडिलांकडे मेंढरं होती. माझ्या वडिलांकडे काहीच नव्हतं. मी दहावीनंतर बेल्ह्याच्या बाजारात दोरखंडं आणि घुंगरमाळा विकायला लागलो. तिथून वाढत वाढत ट्रकच्या जुन्या पार्टांचं दुकान टाकलं, कोणाचा हात न धरता. दत्ता शिकला, पुण्यातल्या कंपनीत लागला आणि काही वर्षांनी घरूनच काम करतो म्हणून बोरीला परत आला. माडीवर त्याची खोली. मी गेलो की म्हणायचा, "या शेठ, आज कोणाला गंडवलं?"

"तू नेमकं करतो काय रं?" असं मी त्याला दहा वेळा विचारलं असेल. एकदा त्याने नीट बसवून सांगितलं. माहिती ठेवायची डिस्क एका ठिकाणी असते, वापरणारी कॉम्प्युटरं दुसऱ्या ठिकाणी, मध्ये नेटवर्क. डिस्कचे बारीक बारीक तुकडे पाडलेले असतात. कुठला तुकडा रिकामा, कुठल्यात कालपासून बदल झाला, अशा खुणा डिस्क सांभाळणारा प्रोग्रॅम ठेवतो. त्या खुणांना नावं कशी द्यायची आणि मागणाऱ्याला त्या कशा दाखवायच्या, हे दत्ताचं काम.

"नावं ठेवायचा पगार देत्यात व्हय तुला?"

"देत्यात की. नाव चुकलं तर लोकांचं लई वाटोळं व्हतं, राव."

मग त्याने मेंढरांची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात दोन-तीन घरांची मेंढरं एकत्र चरायची. त्याच्या वडिलांकडे पाठीवर लाल ठिपका म्हणजे गाभण, शेजारच्यांकडे लाल ठिपका म्हणजे विकायची. एका वर्षी शेजाऱ्याने ठिपका बघून यांची गाभण मेंढी बाजारात नेली. तेव्हापासून ठरलं, आधी घराचा पट्टा, त्याच्यापुढे ठिपका. "आधी घर, मग गोष्ट," दत्ता म्हणाला. "आमच्या कामात बी तसंच. खुणेच्या नावात पयलं कोणाची ते, मग कशाची ते." आणखी एक नियम होता. नाव घेऊन विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, आणि ओळखीचं नाव नसेल तर अंदाज न करता गप्प बसायचं. हा नियम मला फार आवडला. माझा धंदाच त्यावर चालतो.

माझ्या दुकानातली डिस्क त्यानेच बसवली. दर पार्टाचा फोटो, गोदामातली जागा, कुठल्या गाडीला बसतो, सगळं तिच्यावर. रोज संध्याकाळी बोरीचं त्याचं मशीन माझ्या डिस्कला विचारायचं, काय बदललं? बदललेले तेवढे तुकडे उचलून आपल्याकडे नक्कल ठेवायचं आणि पुढच्या दिवसासाठी खुणा पुसून ठेवायचं. मी मात्र कधीच एकाच माणसावर विसंबत नाही. नाशिकहून एक जण बोलावून त्याच्याकडूनही नक्कल काढायची सोय केली, आणि दत्ताला सांगितलं नाही. त्याने एकदा विचारलंही, "ह्या डिस्कवर आणिक कोणी काम करतंय का?" मी म्हणालो, "न्हाई." सौद्यात कोणी दुसरा गिऱ्हाईक आहे का असं विचारतं, तेव्हा निघतं तसं ते तोंडातून निघालं.

नाशिकवाल्याला डिस्कवर खुणांची तयार यादी दिसली, त्याने तीच वापरली. ज्याचं मशीन आधी पोचेल ते बदल उचलायचं आणि खुणा पुसायचं. मागून येणाऱ्याला वाटायचं, आज काही बदललंच नाही. डिस्क जळाली तेव्हा दोघांकडेही फाटकी नक्कल होती, आणि जोडून पाहिल्या तरी मेळ लागेना. वर्षभराचं काम गेलं. दत्ता दुकानात आला, नाशिकवाल्याच्या कामाचे कागद पाहिले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "तू मला खोटं बोललास." एवढंच. मी भडकलो. "व्हय, बोललो! तुझं शिक्षण काय कामाचं मग? निघ हितनं!" तो निघाला. मी नवी डिस्क आणली, नाशिकवाल्याने ती चालू केली, आणि लोकांना सांगत राहिलो की दत्ताने माझं दुकान बुडवलं.

तेराव्याला गेलो. दत्ताची बायको, सुनंदा वहिनी, मला बघून रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी, ते सारखं म्हनायचे, मी नियम शिकवतो आन घरच्याच कामात खुणेला घराचं नाव लावलं न्हाई. घाईत नुसतं 'बदल' लिवलं. शेठ खोटं बोलला, पर चूक माझी." ते सांगायला तो का आला नाही? आणि मी तरी का गेलो नाही?

त्याच्याबरोबर काम करणारी मीनल नावाची मुलगी पुण्याहून आली होती. परत जाताना ती वहिनींच्या सांगण्यावरून दुकानात थांबली. म्हणाली, "काका, नाशिकवाले ज्या नावानं विचारतात तेवढंच त्यांना दिसतं. मी सगळी नावं मागून बघू?" पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिली नाशिकवाल्याची. दुसरीत आधी बोरी, पुढे बदल.

"ही कधीची?"

"नवी डिस्क बसवली त्या आठवड्यातली."

म्हणजे दीड वर्ष, मी त्याच्या नावाने बोटं मोडत असताना, तो रोज संध्याकाळी माडीवरून माझ्या दुकानाची नक्कल काढत होता. मला न विचारता, मी कधीच न बदललेल्या जुन्या पासवर्डने. जिवंत असता तर मी त्यावरूनही भांडलो असतो. मीनलने बोरीचं मशीन तपासलं. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत एक तुकडा कमी नव्हता. त्यानंतर ते मशीन कोणी चालूच केलं नाही, खुणा उचलल्या गेल्या नाहीत, म्हणून त्या साठत चालल्या होत्या. दत्ता गेल्यापासून या दुकानात जे जे बदललं ते सगळं त्या नावाखाली जमा होत होतं.

"नक्कल चालू ठेवायला मी दुसरं नाव लावून देते," ती म्हणाली. "ही यादी पुसू का, काका?"

"तिला हात लावू नको," मी म्हणालो.