जीप नापास व्हावी म्हणून

आमची जीप पासिंगला नापास व्हावी असं त्या दिवशी मला मनापासून वाटत होतं. आईलाही वाटत होतं. आमच्या घरी नवस बोलायची पद्धत नाही. विहारात जायचं, वंदना म्हणायची आणि घरी यायचं, मागायचं काही नाही. नाहीतर आईनं त्या जीपसाठी चार ठिकाणी नारळ बोलून ठेवले असते.

गाडी जुनी झाली की ती काही काही वर्षांनी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. तिथला इन्स्पेक्टर ब्रेक, स्टीअरिंग, दिवे, हॉर्न, धूर सगळं पाहतो आणि पटलं तर आणखी काही वर्षं चालवायची परवानगी देतो. त्यालाच सगळे पासिंग म्हणतात. आमची जीप मिलिटरीच्या लिलावातली. बाबांनी ती घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. तेव्हापासूनचा तिचा हिशेब असा, की रस्त्यावर ती कधी नापास झाली नाही आणि पासिंगला पहिल्या फेरीत कधी पास झाली नाही. शेताच्या वाटेवर, कुंडमकडच्या नाल्यात पाणी सीटला टेकलं तरी गुरगुरत वर निघायची. पण आरटीओच्या मैदानात उभी केली की हँडब्रेक धरणार नाही, नाहीतर स्टीअरिंगमध्ये हा एवढा झोल निघणार. शहर हिंदी मुलखातलं, आरटीओतले लोक आम्हाला पाहूनच म्हणत, "जीप आई है, मतलब फेल." बाबा ती परत आणत, दुरुस्त करत आणि दुसऱ्यांदा नेत. राग मानत नसत. "त्यानं पकडलं ते बरोबरच पकडलं," म्हणत.

कारण ते स्वतः त्याच जातीचे. फॅक्टरीत तयार झालेला ट्रक बाहेर जाण्याआधी जे लोक शेवटचा तपासतात, त्यांच्यात बाबांची सगळी नोकरी गेली. शर्टाच्या खिशात पिवळा खडू. दोष सापडला की त्याच्याभोवती गोल काढायचा. गोल काढला की ट्रक जागचा हलत नसे, मग वरून कोणाचाही फोन येवो. आणि त्या गोलाचा एक नियम होता. ज्यानं काढला त्यानंच पुसायचा, तोही दोष दुरुस्त झाल्याचं स्वतः पाहून. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

रिटायर झाले, पण खडू काही रिटायर झाला नाही. घमापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत कुठे ना कुठे पिवळा गोल असायचाच. गळक्या नळावर, डुगडुगत्या स्टुलावर, एकदा तर आईच्या कुकरच्या झाकणावर. आई म्हणायची, "माह्या पोळीवर नका काढू म्हणजे झालं." पण पुसायची नाही. नियम तिलाही पाठ होता.

तर असा माणूस, आणि त्याच्या डोळ्यात काचबिंदू निघाला.

दवाखान्यात मीच घेऊन गेले होते. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. समोरचं दिसतंय, बाजूचं दिसणं गेलंय, गेलं ते परत येत नाही. थेंब टाकत राहा, म्हणजे उरलंय ते टिकेल. आणि गाडी चालवणं बंद करा. बाबांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "समोरचं चांगलं आहे म्हणाला डॉक्टर." मी तोंडाची फटकळ आहे, रस्त्यातच त्यांच्याशी भांडले. त्यांनी शांतपणे चाबी काढली आणि जीप चालू केली.

कुंडमच्या अलीकडे आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. मोहाची झाडं, थोडी तूर, बाकी दगड. दर शनिवारी बाबा तिथे जाणार म्हणजे जाणार. त्या आठवड्यात आई सोबत गेली होती. जंगलातला रस्ता, डाव्या कडेनं एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चाललेली. आईला ती दुरूनच दिसत होती. तिला वाटलं, यांनाही दिसतच असेल. बाबांनी गाडी कडेला घेतली ती सरळ त्या बाईच्या अंगावरच. आई ओरडली. ती बाई मोळीसकट खड्ड्यात कोसळली. नशीब, फक्त खरचटलं. बाबांनी तिला उठवलं, माफी मागितली, मोळी पुन्हा बांधून दिली. आणि गाडीत बसल्यावर आईला म्हणाले, "हे बाई कुठून आली व एकदम?"

घरी आल्यावर आई चपलाही न काढता माझ्याकडे आली. "एकदम नाही आली ते," मला सांगत होती. "मघापासून चालून राहिली होती बिचारी."

त्या संध्याकाळी आमच्या घरी जे भांडण झालं ते शेजाऱ्यांनाही अजून आठवत असेल. आई रडली. मी बोलायचं ते सगळं बोलले, वर दोन वाक्यं जास्तीची. बाबा भिंतीला टेकून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पुढच्या महिन्यात पासिंग आहे. जीप पहिल्या फेरीत नापास झाली त चाबी तुमच्या हाती. पास झाली त मले कोणी काही म्हणाचं नाही."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच कबूल केलं. पहिल्या फेरीत? ती जीप? आईला तर त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

पण बाबा काय कमी वस्ताद! दुसऱ्या दिवसापासून ते जीपखाली शिरले. विहाराच्या भिंतीला जीप उभी असायची, कारण आमच्या गल्लीत ती मावत नाही, आणि भिंतीजवळ चटई टाकून बाबा दिवसभर आडवे. हँडब्रेकची केबल नवी, ब्रेकचे लायनर नवे, स्टीअरिंगचे सगळे सांधे नवे. जिथं दोष दिसेल तिथं आधी गोल, मग दुरुस्ती, मग गोल पुसायचा. मी ऑफिसातून येताना रोज मोजत असे. गोल कमी होत चालले होते. एक दिवस पाहिलं तर सगळ्या जीपवर एकही गोल नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

पासिंगच्या दिवशी मी रजा घेतली. आई म्हणाली, "तू जाय, माह्यानं नाही पाहवत." जाताना बाबाच चालवत होते. घमापूर चौकात डावीकडून भाजीचा ठेला आला. "बाबा, डावीकडे," मी म्हटलं. पुढे एक सायकलवाला. "बाबा, डावीकडे." आरटीओ येईपर्यंत मी बहुतेक एवढंच बोलले. ते प्रत्येक वेळी "दिसलं, दिसलं" म्हणत होते.

मैदानात आमच्या पुढेच आणखी एक जीप नापास झाली. हँडब्रेक धरत नव्हता. मला बरं वाटलं. मग आमची पाळी. इन्स्पेक्टर वयानं लहान, पण कामाला पक्का. खाली वाकून पाहिलं, स्टीअरिंग हलवलं, दिवे लावले, हॉर्न वाजवला, चढावर हँडब्रेक ओढायला लावला. जीप खिळ्यासारखी उभी. त्याला काही सापडेना. शेवटी राहिला चालता ब्रेक. तो मैदानाच्या अर्ध्यावर, डाव्या कडेला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, मैं हाथ दिखाऊँ तो रोक दीजिएगा."

मी कडुलिंबाखाली उभी होते. जीप निघाली. इन्स्पेक्टरनं हात वर केला. जीप चाललीच आहे. त्यानं दोन्ही हात वर केले, हलवले. जीप त्याच्या समोरून सरळ निघून गेली आणि पार भिंतीजवळ जाऊन बाबांनी थांबवली. मी एवढी फटकळ. सांगायचं तर होतं, पण ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे दोष शोधले त्याचा दोष भरमैदानात मी कसा सांगू?

इन्स्पेक्टर हसला. "काका, इंजन की आवाज़ में ध्यान नहीं गया क्या?"

बाबा म्हणाले, "हाँ, शायद."

दुसऱ्या वेळी तो नाकासमोर, लांब जाऊन उभा राहिला. हात वर होताच जीप जागच्या जागी थांबली, जराही एका बाजूला ओढली नाही. तो येऊन बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "ऐसी जीप तो हमने देखी नहीं, काका. पास."

झालं. मला रडू येत होतं आणि राग येत होता. कागद मिळाला. बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही उभे राहिलो. मला वाटलं, आता हे मिरवणार. पण अर्धा चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "पहिल्या वेळी त्यानं हात केला होता का?"

"केला होता."

"एकच हात?"

"दोन्ही केले, बाबा. बराच वेळ करून राहिला होता."

त्यांनी उरलेला चहा संपवला, ग्लास ठेवला. "गाडी त्यानं बरोबर पाह्यली," म्हणाले. "ड्रायवर पाह्याचा राहून गेला. मी असतो त सोडलं नसतं."

मग ते जीपकडे गेले. मी मागून. खिशातून खडू काढला आणि ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर, त्या काळ्या रेक्झिनवर, चांगला मोठा गोल काढला. सावकाश. आणि चाबी माझ्या हातात दिली.

"मी बसू याच्यावर?" मी विचारलं.

"बस. तुह्यासाठी नाही तो," म्हणाले आणि पलीकडून जाऊन डावीकडे बसले.

जीप मला त्यांनीच शिकवली होती, पण त्या दिवशी मी ती पहिल्यांदाच चालवल्यासारखी चालवली. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तसं खरंच होतं. श्वास पार खाली पोटापर्यंत जात होता. मधे एकदा बाबा म्हणाले, "समोर टेम्पो आहे." मी म्हटलं, "दिसला, दिसला." ते हसले.

जीप विहाराजवळ लावून आम्ही गल्लीतून चालत आलो, त्यामुळे कोण चालवत आलं ते आईला दिसलं नाही. ती दारातच उभी होती.

"झाली का?"

"झाली," बाबा म्हणाले. "पहिल्या फेरीत."

आईचा चेहरा उतरला. "बरं झालं," म्हणाली आणि आत पाणी आणायला वळली. मी चपला काढायला वाकले. ती तांब्या घेऊन आली आणि माझ्या मागेच थांबली. माझा कुर्ता गडद लाल होता. सीटवरचा गोल त्याच्या पाठीवर उमटला होता.

"हे कोणी काढलं?"

"मीच काढला," बाबा म्हणाले. "सीटवर."

"कशाचा?"

"ड्रायवरचा."

आईनं तांब्या खाली ठेवला. तिला सगळं कळलं होतं, तरी विचारलंच. "मग पुसाल कधी?"

"जे दुरुस्तच होत नाही ते पुसू कसं?"

आई उंबऱ्यावर बसली. "सुटली मी," म्हणाली. दोनदा म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. बाबा तिच्या शेजारी बसले.

मी पाठीमागे हात नेऊन कुर्ता झटकायला लागले. आईनं माझं मनगट धरलं.

"राहू दे," म्हणाली. "तू नको पुसू."