पाण्यावरून गेलेल्या वहाणा

अनन्या, रोहन,

परवा कॉलवर अनन्या म्हणाली, "आजी, तुझ्या नकाशात एका थरातले दोन ठिपके थेट पाण्यात पडलेत. आणि त्या थरातल्या एकाही नोंदीला शेवटचं वर्ष नाही. चूक दिसतेय. काढून टाकू?" मी घाईने नको म्हटलं आणि विषय बदलला. तसं करायला नको होतं. पुढच्या महिन्यात तू नकाशा नव्या जागी हलवणार आहेस. त्याआधी ते ठिपके कोणाचे, हे तुम्हाला कळायला हवं.

ठिपके सांगणारे आपल्या गावात राहायला आलेले एक म्हातारे गृहस्थ होते. ते माझ्या संगणकाच्या पडद्याजवळ यायचे, एक डोळा मिटायचे आणि जमिनीत खुंटी रोवावी तशी तर्जनी काचेवर टेकवायचे. मग मान हलवायचे. "हांगा न्हय, टीचर. मातशें फुडें." इथे नाही, जरा पुढे. बोट केसभर सरकायचं. काचेवर खोबरेल तेलाचा डाग राहायचा आणि ते गेल्यावर मी तो पुसायची.

हे वाक्य त्यांनी नोकरीभर ऐकलं होतं. डिचोलीच्या एका खाणीवर मोजणीसाहेबाच्या हाताखाली ते दांडा धरायचे. साहेब दुर्बिणीतून बघून तसं ओरडायचा, हात हलवायचा आणि हे दांडा घेऊन पुढे सरकायचे. निवृत्त झाले तेव्हा ज्या ज्या जागी उभे राहिले होते, त्यांतल्या बऱ्याच जागा शिल्लक नव्हत्या.

माझा नकाशा तुम्हाला ठाऊक आहे. तालुक्यातल्या जुन्या विहिरी, झरे, पायवाटा. अनन्याने त्याला खालची काळाची पट्टी जोडून दिली. पट्टी ओढून ज्या वर्षावर आणाल, त्या वर्षी जे होतं तेवढंच नकाशावर उजळतं. ज्याचा शेवट लिहिलाय ते त्या वर्षी विझतं. शेवट रिकामा ठेवला तर ठिपका आजपर्यंत तसाच राहतो. मी तो वाचनालयाच्या खोलीत लोकांना दाखवला. सगळे आपापली घरं शोधत होते. हे मागे, टोपी हातात घेऊन उभे. सगळे गेल्यावर पुढे आले.

"टीचर, दोंगर गेल्यार त्या दोंगरावयली सुवात दाखयता येता?" डोंगरच गेला तर त्यावरची जागा दाखवता येते का, असं विचारत होते.

त्यांच्या जुन्या वाडीवर एक टेकडी होती. टेकडीवर काजऱ्याचं झाड. झाडाखाली वाडीचा राखणदार. हा देव नव्हे आणि भूतही नव्हे. तो हद्दीवरून फिरतो आणि वाडी राखतो. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून दर मार्गशीर्षात त्याला चामड्याच्या नव्या वहाणा ठेवायच्या आणि जुन्या उचलून आणायच्या. हा मान त्यांच्या घराचा. जुन्या जोडीचे तळ दर वर्षी झिजलेले असायचे. मी भूगोल शिकवलेली बाई. मी विचारलं, "कोण घालतं हो त्या?"

त्यांनी पाय पुढे केला. "म्हजो पाय सात नंबर. त्याच्यो वाणो धा." त्याच्या दहा नंबरच्या.

पुढे ती टेकडी खाणीत गेली. वाडी उठली, लोक विखुरले, हे आपल्या सर्वणला येऊन राहिले. टेकडीच्या जागी खोल खड्डा पडला आणि काम थांबल्यावर तो पाण्याने भरला. ते मात्र दर मार्गशीर्षात खड्ड्याच्या काठावर नवी जोडी ठेवत राहिले. पुढच्या वर्षी ती तिथे नसायची. शोधावी लागायची. मिळायची ती दुसरीकडेच, झिजलेली.

"कुत्री पळवतात वहाणा," मी म्हटलं.

"एक पळयतात, टीचर. जोडी न्हय. आनी नेऊन बाजूक बाजू लावन दवरिनात." शेजारीशेजारी लावून ठेवत नाहीत.

 त्यांच्या काळजीचं कारण मात्र वेगळं होतं. ते त्यांनी तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगितलं. पोदेराकडचे उंडे, म्हणजे बेकरीतले गोल पाव आणले होते, ते चहात बुडवून खाता खाता. त्या टेकडीची मोजणी झाली तेव्हा काजऱ्याखाली दांडा त्यांनीच धरला होता. साहेबाने हात हलवला, हे एक पाऊल पुढे सरकले आणि झाड खाणीच्या हद्दीत आलं.

"दांडो म्हज्या हातान हललो. हद्द मोडली मियां. आता तो खंय भोंवता कोण जाणे. वाट चुकलो तर पाप कोणाचें?" राखणदार आता कुठे फिरत असेल, हीच त्यांची काळजी.

म्हणून जोडी मिळालेली प्रत्येक जागा त्यांना नकाशावर हवी होती. वर्षं त्यांना आठवत नसत. "ट्रक बंद पडले त्या वर्सा", "नात जल्मली त्या वर्सा" असं सांगायचे; मी हिशेब करून आकडा भरायची. पहिला ठिपका झाडाचा. आजच्या नकाशावर तो बरोबर पाण्याच्या मध्यावर येतो. मग रस्त्याकडेचा मातीचा ढीग. मग खड्ड्यातलं पाणी उपसायचा पंप ज्या तराफ्यावर ठेवला होता, तो तराफा. तिथे होडीशिवाय जाता येत नाही. पंपवाल्याला वहाणा तराफ्यावर शेजारीशेजारी मिळाल्या होत्या; त्याने आपल्या कोणा माणसाच्या समजून चार दिवस वाट पाहिली. मग पलीकडचा काठ, मग काजूंची बाग. असे आठ.

"शेवटचं वर्ष?" मी प्रत्येक वेळी विचारायची.

"तें रितें दवर." रिकामं ठेव.

आठवा ठिपका भरला त्या दुपारी मी पट्टी सुरुवातीला नेली आणि आपोआप चालू केली. ठिपके एकामागून एक उमटत गेले. झाड, ढीग, तराफा, काठ. मधली अंतरं जवळपास सारखी. ते उठून उभे राहिले आणि टोपी काढली.

"चलता," ते हळूच म्हणाले. चालतोय.

मग मी एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरातल्या पेटीत वाडीच्या हद्दीचा हाताने काढलेला कागद मिळाला होता, तो नकाशावर अंथरला. आठही ठिपके त्या रेषेवर बसले. त्यांनी तो कागद कधी पाहिला नव्हता. मी आठही जागा पुन्हा तपासल्या. 

त्यांनी तर्जनी रेषेवरून फिरवली. "म्हणजे दांड्यान हद्द हलूंक ना," ते म्हणाले. हद्द हललीच नव्हती. त्यानंतर त्यांनी उरलेला उंडा खाल्ला.

निघताना मी गंमत म्हणून पुढच्या वर्षाची जागा विचारली. रेषा पुढे सर्वणला येते आणि आपल्या मागच्या कुंपणावरून जाते. मी बोट कुंपणावर ठेवलं. त्यांनी डोळा मिटला. "हांगा न्हय, टीचर. मातशें फुडें." आणि तर्जनी मागच्या पायरीवर टेकवली. मी हसले. ते हसले नाहीत.

त्या मार्गशीर्षात त्यांनी नेहमीसारखी नवी जोडी काठावर ठेवली. पुढच्या श्रावणात ते गेले. त्यांच्या सुनेला मी नंतर विचारलं, ती म्हणाली, "जोडी सोदूंक कोणूच गेलो ना, टीचर. कोणाक सुवातच खबर ना." शोधायला कोणी गेलंच नाही, जागाच कोणाला ठाऊक नव्हती.

त्याच वर्षी मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी सकाळी मी मागचं दार उघडलं. पायरीवर वहाणा होत्या. शेजारीशेजारी, लाल मातीने भरलेल्या. टाचा माझ्या दाराकडे, अंगठे पुढे शेताकडे. मी मोजपट्टी आणून माप घेतलं. दहा नंबर.

नववा ठिपका मी भरला. शेवटचं वर्ष रितं ठेवलं. नवी जोडी दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या बाजारातून आणली आणि तिथेच ठेवली. दुसरं काय करायचं मला कळेना.

अनन्या, तो थर जसा आहे तसा हलव. टेकडी गेली, झाड गेलं, तेही गेले. जुनी जोडी मागच्या पडवीत खुंटीला आहे. तळ झिजलेत, पट्टे शाबूत आहेत.