शांत मुलांची भीती

देवीदादी मुलांच्या समोर कधी बसत नसत, शेजारी बसत. "समोर बसलं की माणूस पोलीस वाटतो," असं त्यांचं म्हणणं. विठ्ठलवाडीजवळच्या आमच्या शाळेत आठवड्यातून दोनदा त्या मुलींना भरतकाम शिकवायला येत. वय ऐंशीच्या पुढे. फाळणीत सिंध सोडून आईवडिलांबरोबर कल्याणच्या निर्वासित छावणीत आल्या, तेव्हा पाच वर्षांच्या होत्या.

त्या वर्षी मी वर्गशिक्षिका असलेल्या नववीच्या वर्गात मर्झिया आली. आईबरोबर काबूल सोडून आलेली. वह्या नीटनेटक्या, तोंडातून शब्द नाही. "गुणी मुलगी आहे, अजिबात त्रास नाही," मी दादींना कौतुकाने सांगितलं.

दादींची सुई थांबली. "माझा मोठा भाऊपण असाच गुणी. छावणीत कुणाला त्रास दिला नाही त्याने. एका सकाळी घराबाहेर गेला, तो आलाच नाही. शांत मुलांची मला भीती वाटते, बेटा."

पंधरा दिवसांनी शाळेसमोरून वरात गेली. फटाक्यांची माळ लागली आणि मर्झिया बाकाखाली शिरली. "बाहेर ये, काही झालेलं नाही," असं मी म्हणत राहिले आणि ती आणखी आत सरकत गेली. दादी आल्या. गुडघे धरत तिच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि हिंदीत स्वतःचंच सांगू लागल्या. छावणीत त्या चप्पल घालून झोपायच्या. पळावं लागलं तर शोधायला नको.

बऱ्याच वेळाने बाकाखालून आवाज आला, "कब तक?"

"दोन वर्षं. सगळे हसायचे. मग एका सकाळी पाहिलं, तर पाय मोकळे."

मर्झियाने दादींचा पदर धरला आणि खूप रडली.

दादींनी गोष्ट तेवढ्यावर सोडली नाही. तिच्या आईला समजावलं. दर पंधरवड्याला रिक्षा करून मर्झियाला सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे स्वतः नेलं. "भावाच्या वेळी असे डॉक्टर असतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. मर्झियाची झोप सुधारायला वर्ष गेलं. फटाके वाजले की ती अजूनही कान झाकते, पण जागेवरून हलत नाही.

दादी अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी भेटायला गेले. म्हटलं, "मर्झियाची तक्रार आलीय. गणिताच्या तासाला बडबड केली म्हणून सरांनी उभं केलं."

दादींनी डोळे उघडले. "कुणाशी बोलत होती?"

"मैत्रिणीशी. हसतपण होती म्हणे."

"परत सांग," दादी म्हणाल्या. "पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगितलं. त्याच आठवड्यात त्या गेल्या.